जिवंत बाईच्या फोटोला हार

जिवंत बाईच्या फोटोला हार घातलेला मी पाहिलाय. बाई तिसऱ्या रांगेत बसलेली, आणि समोर तिच्याच फोटोला झेंडूचा जाडजूड हार, काचेवर हळद-कुंकू, खाली उदबत्ती. हार घालणारा माणूस नाशकातल्या निम्म्या कार्यक्रमांना प्रमुख पाहुणा असतो. त्याचं नाव मी लिहिणार नाही. नाव छापून आलेलं त्याला फार आवडतं, म्हणून तर नाहीच. त्या दिवशी डोक्यात गेलेली तिडीक अजून उतरलेली नाही, आणि हे वाचून कोणी मला ‘मॅडम, सोडून द्या आता’ असं सांगायला आलंच तर त्यालाही दोन शब्द ऐकवल्याशिवाय मी परत पाठवणार नाही.

मी फोटोग्राफर आहे. हे सांगितलं की आमच्याकडे पुढचा प्रश्न ठरलेला: ‘मग लग्नाची तारीख मोकळी आहे का?’ नाही, मी लग्नं करत नाही, बारसं करत नाही, साखरपुडा तर मुळीच नाही. मी काळे-पांढरे फोटो काढते, फिल्मवर, आणि ते स्वतः बाथरूममध्ये धुते. ‘म्हणजे नक्की काय काढता?’ माणसं काढते. ‘कोणाची?’ कोणाचीही. ‘आणि मग घेतं कोण ते?’ इथे मी विषय बदलते किंवा उठून जाते. नातेवाइकांमध्ये तर मी म्हणजे चेष्टेचा विषय. वडील ओझरच्या कारखान्यात होते, त्यांना मी शिक्षिका व्हायला हवं होतं. भाऊ पाहुण्यांना सांगतो, ‘ही आमची बहीण, बाथरूममध्ये फोटो धुते.’ आणि पाहुणे हसतात. सव्वीस वर्षं हसतायत. एकाला तरी प्रिंट बघावीशी वाटली असेल तर शपथ.

पोटापाण्यासाठी मी दिंडोरीकडच्या वायनऱ्यांच्या बाटल्यांचे फोटो काढले आहेत, कॉलेजात आठवड्याचे दोन दिवस शिकवते आहे. बाटलीचा फोटो काढताना काचेवर खिडकीची एक सरळ पांढरी रेघ यावी लागते. ती रेघ आणण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. बाटलीवाले खूश असायचे. म्हणायचे, मॅडम, तुमच्यात कला आहे. डोंबल कला! कला मखमलाबादच्या पुढे, एका गुलाबाच्या मळ्यात होती, आणि तिथे मी अपघातानेच पोचले.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. कसल्याशा कॅलेंडरसाठी मला फुलशेती हवी होती. मी गाडी लावली, ट्रायपॉड घेतला आणि सरळ वाफ्यात शिरले. तिकडून आवाज आला, ‘ए बाई! पाय काढ तिथला! डोळे फुटले का, कळ्या हायेत खाली!’ वळून बघते तर डोक्याला फडकं बांधलेली, हातात कात्री घेतलेली बाई. तेव्हा पन्नाशीची असेल. असा चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. सुंदर वगैरे काही नाही. राग आला की त्या चेहऱ्यावर रागच असायचा, त्यात बाकी कशाची भेसळ नाही. आपण सगळे चार गोष्टी एकदम तोंडावर घेऊन हिंडतो, तिला ते जमतच नव्हतं. मी पाय काढला, माफी मागितली आणि म्हटलं, मावशी, तुमचा एक फोटो काढू?

‘कशाला? आधारकार्ड हाय माझं.’

तीन वेळा गेले तेव्हा कुठे घरात बोलावलं. मळ्यातच दोन खोल्यांचं घर. मुलगा, सून, एक लहान नात. पुढच्या खोलीत भिंतीवर ओळीनं तीन फोटो: सासू, सासरे, नवरा. तिघांनाही चंदनाच्या चकत्यांचे हार. मावशीनं चहा दिला आणि त्या भिंतीकडे बोट केलं. ‘हे बघ, भितीवर हायेत ते समदे गेलेले. तुला माझा काढायची लय हौस हाय ना, तर काढ. पण मी हाय तवर भितीला लावायचा नाय. कुठल्याच. शब्द दे.’

मी दिला. असे शब्द द्यायला काय लागतं? माझे फोटो तोवर कुठल्या भिंतीवर लागलेच नव्हते.

मग आमचं ठरून गेलं. अमावास्येला फुलांना मागणी असते, त्यामुळे आदल्या दोन दिवसांत मळ्यात मान वर करायला फुरसत नसते. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी मात्र तोड नसते, बाई मोकळी असते. त्या दिवशी सकाळी मी जायची. बांधावर एकच जागा, एकच रोल, छत्तीस फोटो, झालं. हसा म्हणायचं नाही, इकडे बघा म्हणायचं नाही. ती बोलत असायची, मी काढत असायची. ‘तेच थोबाड किती येळा काढशील गं? बदललं का काही?’ बदलत होतंच. एका वर्षी पुढचा दात गेला. एका वर्षी टायफॉइडनं गाल आत गेले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर काळा चष्मा. बारा वर्षांत मी एक अमावास्या चुकवली, ती माझी आई गेली तेव्हाची. त्या महिन्यात मावशीच माझ्याकडे आली, सुनेला घेऊन, पिशवीत भाकरी आणि पिठलं. माझ्या सख्ख्या भावानं त्या दिवसांत जेवायला काय आणलं होतं ते विचारू नका.

मुंबईच्या एका गॅलरीवाल्या बाई एकदा शनिवार-रविवार इकडे वाइन प्यायला आल्या होत्या, कोणीतरी त्यांना माझ्याकडे धाडलं. बाईंनी बाटल्यांचे फोटो बाजूला सारले आणि मावशीच्या प्रिंट्स टेबलावर मांडल्या. एकेक उचलून खिडकीपाशी नेऊन बघितली. मग म्हणाल्या, हे सगळं मला पाहिजे, पुढच्या हिवाळ्यात, अख्खी गॅलरी. सव्वीस वर्षांत मला कोणी असं म्हटलं नव्हतं. भिंत हा शब्द तेव्हाच माझ्या डोक्यात आला होता आणि मी तो तिथल्या तिथे दाबून टाकला. म्हटलं, बघू पुढचं पुढे.

इथे खरं तर मी गप्प बसायला हवं होतं. पण माझा स्वभाव नडला. मुंबईला जायच्या आधी हे नाशिकवाल्यांच्या नाकावर टिच्चून दाखवायचं, असं माझ्या मनानं घेतलं. भावाला, भावजयीला, कॉलेजातल्या दोन सहकाऱ्यांना, ‘छंद म्हणून ठीक आहे हो’ म्हणणाऱ्या सगळ्यांना. गंगापूर रोडला एक हॉल आहे, तिथल्या मंडळींनी हौसेनं उद्घाटनाचा घाट घातला. मी म्हटलं, चालेल. बाकीचे माझे जुने फोटो भिंतींवर, आणि समोर मधोमध मावशीचा एकच, मोठा. पण भिंतीवर नाही! स्टँडवर. शब्द पाळला की नाही मी? तेव्हा मला स्वतःचं केवढं कौतुक वाटलं होतं. मावशीला फोन करून सांगितलं, तुमचा भिंतीवर नाही लावला हं, तुम्ही या. ती खूश झाली. काठपदराची साडी नेसून, मुलगा, सून, कॉलेजात जायला लागलेली नात, सगळ्यांना घेऊन आली.

त्या हॉलमध्ये कुठलाही कार्यक्रम असो, स्टेजवर एका टेबलावर सरस्वतीची तसबीर असते. आधी प्रतिमापूजन, मग दीपप्रज्वलन, मग पाहुण्यांचा परिचय, मग मूळ कार्यक्रम उरलाच तर तो. सकाळी मी ती तसबीर उचलून आतल्या खोलीत ठेवायला लावली. माझ्या फोटोशेजारी ती रंगीत सोनेरी चौकट मला नको होती. तिथला शिपाई म्हणाला, ‘मॅडम, मग पूजन कशाचं करायचं?’ मी म्हटलं, कशाचंच नाही. तो खांदे उडवून गेला. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीला हे कोणी सांगितलं नाही. मीही नाही. मी दिवे लावण्यात गुंतले होते.

संध्याकाळी ती मुलगी माइकवर आली आणि हातातल्या कागदावरचं जे नेहमी वाचते ते तिनं वाचलं: आता मान्यवरांच्या हस्ते प्रतिमापूजन. प्रमुख पाहुणे उठले. कोणीतरी त्यांच्या हातात हार दिला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. टेबलावर प्रतिमा नव्हती, पण मधोमध स्टँडवर एका वयस्कर बाईचा मोठा फोटो होता, काळा-पांढरा, गंभीर. माणूस बिचकला सुद्धा नाही. सरळ गेला आणि हार घातला. ताटातलं हळद-कुंकू बोटानं काचेवर लावलं. नमस्कार केला, डोळे मिटून. मागच्या रांगेतून कोणाला तरी वाटलं की ही श्रद्धांजली आहे, तो उभा राहिला. मग शेजारचा. मग सगळा हॉल उभा. पाठीमागे दिव्याच्या वायरपाशी मी ‘अहो, अहो थांबा!’ म्हणून ओरडते आहे, आणि स्पीकरवर बासरी चालू.

मावशीही उभी राहिली. सगळे उभे राहिले म्हणून. तिनं हात जोडले. ऑपरेशननंतरही तिला लांबचं तितकंसं नीट दिसत नाही. देवाचं काहीतरी चाललंय असं समजून तिनं स्वतःच्याच हार घातलेल्या फोटोला वाकून नमस्कार केला. सून तिचा पदर ओढत होती, ‘आत्या, आवो खाली बसा, तुम्हीच हाय ते.’

त्यावर कडी म्हणजे साहेबांचं भाषण. ‘ही माऊली आज आपल्यात नसली तरी या छायाचित्रातून ती आपल्याला...’ पुढचं मी ऐकलं नाही. मी धावत स्टेजवर गेले आणि माइक ओढून घेतला. ‘त्या जिवंत आहेत! त्या तिसऱ्या रांगेत बसल्यात!’ अख्खा हॉल हसला. पोट धरून हसला. माझा भाऊ पुढच्या रांगेत, तो तर डोळे पुसत होता. साहेबही हसले, म्हणाले, ‘अरे वा, मग आयुष्य वाढलं म्हणायचं!’ मी हार काढून फेकला. खाली बघते तर तिसऱ्या रांगेत चार खुर्च्या रिकाम्या.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी निभावून नेलं असतं. पण कोणीतरी त्या हाराचा फोटो मोबाईलवर काढला होता. तो रात्रीतून सगळ्या ग्रुपांवर गेला, आणि सकाळी एका पेपरच्या आतल्या पानावर छापूनही आला. खाली ओळ अशी की वाचणाऱ्याला बाई गेली असंच वाटावं. आमच्याकडे पेपरवाले फोन करून विचारत नाहीत, त्यांना कशाला विचारायचं, ते सर्वज्ञ! मावशीचा गोतावळा मोठा. माणसं दारावर यायला लागली. कोणी गेलं की घरच्यांना भेटायला जातात तशी, टॉवेल गळ्यात टाकून, चेहरे पाडून. मनमाडची बहीण फाटकापासूनच गळा काढत आली. समोर पडवीत मावशी गुलाबाची क्रेट भरत होती. बहीण मटकन खाली बसली, तिचं बीपी वाढलं, तिलाच दवाखान्यात न्यायला लागलं. हे सगळं मला नातीनं फोनवर सांगितलं. मी हसले. मला वाटलं तीही हसेल. ती हसली नाही.

पंधरा दिवसांनी मावशी माझ्या दारात. सोबत सून. नेहमी ती आली की चपला काढता काढता बोलायला लागायची. त्या दिवशी खुर्चीच्या काठावर बसली, पाणीही घेतलं नाही.

‘माझी समदी फोटू परत दे.’

मी म्हटलं, मावशी, चूक त्या माणसाची आहे, त्या पेपरवाल्यांची आहे. मी भिंतीवर लावला नव्हता.

‘मला शिकवू नको. भित नव्हती म्हणती. मधोमध मांडलास नं, उदबत्तीसाठी? बारा वरसं तू शब्दाची राहिलीस म्हणून बसले तुझ्यापुढं.’

माझंही डोकं फिरलं. मी म्हटलं, फोटोनं माणूस मरत नाही, एवढं तरी समजा! हे मी तिला म्हटलं, ज्या बाईनं माझी आई गेली तेव्हा मला जेवू घातलं होतं. सून चपापून माझ्याकडे बघायला लागली.

मावशी शांत होती. ‘मरत नाय गं, मला कळतंय. पण मेल्यावर मागं काय चालतंय ते मला जितेपणी बघाया मिळालं. लोकं येत होती तवा पोराला फोन यायचे. मी आतून ऐकत होते. तिकडून विचारायचे, गेली का म्हातारी? आन माझं पोर म्हणायचं, नाय ओ, हाय अजून.’ तिनं सुनेकडे पाहिलं. ‘अजून! ध्यानात आलं का तुला? हाय म्हणला असता तर झालं असतं. ते अजून त्यानं कशाला लावलं?’

सून खाली मान घालून बसली होती. खरं सांगू? त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते बारा वर्षांत कधी आलं नव्हतं, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो कॅमेऱ्याचा. माझी मलाच शिसारी आली.

‘माझं तोंड माझ्यापाशी असू दे,’ ती म्हणाली. ‘मोठाली बी दे, बारकाली बी दे. आन त्या काळ्या पट्ट्या, ज्याच्यावरनं तू पुन्हा पुन्हा काढते, त्या बी. मी जाळणार हाय. मग मी सुटले.’

निगेटिव्ह एकदा मीच तिला दाखवल्या होत्या, मोठ्या कौतुकानं. मी म्हटलं, पुढच्या अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी घेऊन येते. ती उठली आणि दारात माझ्या तोंडावरून हात फिरवून गेली.

दीडशेच्या आसपास रोल. सगळे माझ्या कपाटात, वर्षावार, पाकिटांत. मुंबईच्या बाईंचा त्याच आठवड्यात फोन, प्रिंट्स कधी पाठवताय म्हणून. मी तीन दिवस पट्ट्या काचेच्या दिव्यावर ठेवून बघत होते आणि मनातल्या मनात सगळ्यांशी भांडत होते. बारा वर्षं काय एकट्या तिचीच गेली? अमावास्या मोजत मी नाही राहिले? तिनं बांधावर बसायचं, एवढंच. तिचं तोंड तिचं, मान्य, पण ते कोणाला दिसलं होतं माझ्याआधी? नवऱ्याला? मुलाला? ज्याला ‘अजून’ म्हणताना लाज वाटली नाही त्याला? असा सगळा हिशेब मी स्वतःच्या बाजूनं लावला. आणि फोटोग्राफीत एक गोष्ट अशी असते, बाहेरच्या माणसाला ती माहीत नसते: पाच हजार फोटोंतले कामाचे चौदाच असतात. बाकीचे नसले तरी काही बिघडत नाही.

निगेटिव्हची पट्टी सहा फोटोंची असते. तिच्यातून एक फोटो कापून काढायचा नसतो, हे मी दरवर्षी मुलांना पहिल्याच तासाला शिकवते. मी कात्री घेतली आणि चौदा कापले. बाकीचं सगळं खोक्यात भरलं. पाच हजारांच्या वर निगेटिव्ह, शिवाय सगळ्या छोट्या-मोठ्या प्रिंट्स, हार घातलेला तो मोठा फोटोसुद्धा. खोकं जड झालं होतं. उचलताना मला वाटलंही की आपण केवढं देतोय बघा.

ठरल्या दिवशी सकाळी गेले. मावशीनं अंगणात मोठं घमेलं मांडून ठेवलं होतं, शेजारी तुराट्या. मुलगा मळ्यात, पंप चालू. नात घरात, सून मावशीच्या हाताशी. मावशीनं प्रिंट्स एकेक करून टाकल्या, बघत बघत. ‘ही चष्म्यातली. ही दात पडला तवाची. अगं बाई, ही बघ, कशी खवळलीये मी!’ ती हसली. मीही हसले. मग पट्ट्या. फिल्म जळताना घाण वास येतो, काळा धूर होतो, पटकन पेट घेत नाही. सून काठीनं ढोसत होती. एक पट्टी तिनं हातात घेतली, उन्हात धरली, आणि म्हणाली, ‘मॅडम, हिच्यातून मधलं कापलंय का? इथं एक कमी दिसतंय.’

मी काही बोलायच्या आत मावशी तिच्यावर कडाडली. ‘ठेव ती खाली! तिच्यावर संशय घेते? ती काय माझ्या थोबाडावर पोट भरणार हाय का? बारा वरसं येतीये ती ह्या घरात.’ सुनेनं पट्टी घमेल्यात टाकली. मावशी माझ्याकडे वळली. विचारायचं म्हणून विचारलं तिनं, उत्तराची तिला गरजही नव्हती.

‘समदे आले नं गं?’

‘सगळे,’ मी म्हणाले.

तिनं राखेवर पाणी मारलं. हात धुतले, पदराला पुसले, आणि माझ्याजवळ येऊन बसली. ‘आता मी पुन्यांदा जित्ती झाले बघ,’ म्हणाली. मग घरात गेली आणि मला जेवायला वाढलं. मी जेवले. दोनदा भात घेतला.

मुंबईचं प्रदर्शन झालं. चौदा फोटो, चार भिंती. लोक आले, बघत उभे राहिले, इंग्रजी पेपरात आलं. कोणी हसलं नाही. भावानं ते कात्रण फ्रेम करून त्याच्या दिवाणखान्यात लावलंय, आता मी त्याची ‘आर्टिस्ट सिस्टर’ आहे. मरो तो. त्या भिंतींसमोर उभी राहून मी लोकांशी हस्तांदोलन करत होते आणि मला कुठल्याच फोटोकडे वर बघता येत नव्हतं. त्यानंतर मी मखमलाबादकडे फिरकलेली नाही. अमावास्या येते आणि जाते.

गेल्या महिन्यात नातीचा फोन आला. मुंबईच्या प्रदर्शनातले फोटो कॉलेजात कोणीतरी तिला मोबाईलवर दाखवले होते. मी शिव्यांची वाट बघत होते, मला त्या हव्याच होत्या. तिनं शिव्या दिल्या नाहीत. ती म्हणाली, ‘मॅडम, आजी रोज विचारते, ती का येत नाही. मी तिला काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. तुम्ही येऊन सांगा.’ आणि फोन ठेवला.

गाडीची किल्ली घेऊन मी चार वेळा खाली गेले आणि चार वेळा वर आले. मग म्हटलं, तोंडानं जमत नाही तर लिहून तरी कबूल करू, सगळं, एकही गोष्ट न लपवता. म्हणून हे लिहिलं. त्या पाहुण्याला झोडलं, पेपरवाल्यांना झोडलं, भावाला झोडलं. लिहिताना वाटत होतं, चला, निदान हे तरी धाडसाचं काम आपण करतोय. कसलं धाडस! मावशीला अक्षर ओळखता येत नाही, आणि लिहायला बसले तेव्हाच मला ते माहीत होतं.